रिकाम्या बाजूचे सर

आमच्या कॉलेजात क्रीडा समितीवर आपणहून कोणी जात नसे. मी नवीन होते, अर्थशास्त्र शिकवत होते आणि नाही म्हणायला अजून शिकले नव्हते, म्हणून प्राचार्यांनी माझं नाव घातलं. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडीपुरता. पहिल्याच हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या सामन्याला हजर राहायची वेळ आली. विद्यापीठाच्या मैदानाला दोन बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या आहेत. एका बाजूला आमची पोरं दाटीवाटीनं बसली होती, ढोल होता, पिपाण्या होत्या. मी त्यांच्यात जागा करून घेतली. आमचे क्रीडा संचालक, ज्यांना सगळं कॉलेज डीपीई सर म्हणत असे, ते मात्र कुठं दिसेनात. मग समोर नजर गेली. पलीकडे, ऐन उन्हात, रिकाम्या पायऱ्यांवर एकच माणूस बसलेला. डोक्यावर पांढरी टोपी, शेजारी संत्र्यांची पिशवी. आणि हा माणूस आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या हिंगणघाटच्या पोरांना नावानं हाका मारून प्रोत्साहन देत होता.

मला वाटलं, डोळ्यांवर ऊन आलंय. शेजारच्या मुलाला विचारलं, तर तो पिपाणी तोंडातून न काढताच म्हणाला, "सरचं तसंच असते मॅडम. ज्याच्याकडून कोणी येत नाही, सर त्याच्याकडून."

"पण आपली टीम?"

"आपल्याकडे आपुन आहो ना."

सरांची ही रीत नागपुरातल्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक होती. वर्षभर पहाटे साडेपाचला आमच्या पोरांना मैदानावर पळवायचं, शिव्या द्यायच्या, गुडघ्याला स्वतःच्या हातानं पट्टी बांधायची. आणि सामन्याच्या दिवशी कप्तानाच्या हातात शिट्टी देऊन पलीकडे चालतं व्हायचं. मी एकदा चिडून विचारलं, "सर, आपली पोरं हरली तर?" ते म्हणाले, "वर्षभर शिकवलं ना जी. आता आज एका दिवसात मी काय नवीन शिकवणार? तिकडे बघा, त्यांच्या एसटीचा एक ड्रायव्हर अन् एक कंडक्टर. तेही झोपून राहिले."

जिल्ह्यातून, तालुक्यातून टीम एसटीनं यायच्या. आदल्या रात्री कुठल्या तरी धर्मशाळेत उतरायच्या. सर सकाळी स्कूटरवर तिथं हजर. अकराही जणांची नावं विचारायचे, आणि नुसती हजेरीपटावरची नाही, घरची. "घरी काय म्हणते माय तुले?" पोरगं लाजायचं, मग सांगायचं. सर ते बॉलपेननं आपल्या डाव्या तळहातावर लिहून घ्यायचे. दुपारी मैदानात तो पोरगा जीव खाऊन धावत असताना पायऱ्यांवरून अचानक "बबल्या, डावीकडे" असं ऐकू आलं की तो एकदम चमकून बघायचा. आपल्या आईशिवाय ज्या नावानं कोणी हाक मारत नाही, ते नाव या परक्या शहरात कुणाच्या तोंडी आलं, हे त्याच्या लक्षात यायला दोन-तीन मिनिटं लागायची. मग तो वेगळाच खेळायचा. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

संत्री ते कळमन्याच्या बाजारातून आणायचे, पहाटे जाऊन. मध्यंतरात चार फोडी करून मीठ लावून पाहुण्यांना वाटायचे. काही टीमचे शिक्षक आधी संशय घ्यायचे. नागपूरचा माणूस, समोरच्या कॉलेजचा डीपीई, आपल्या पोरांना खायला घालतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे. एका शिक्षकानं तर आपल्या खेळाडूंना संत्री खाऊ दिली नाहीत. सरांनी तिथंच उभं राहून सगळ्या फोडी स्वतः खाल्ल्या, आणि रात्री त्यांचं पोट बिघडलं.

सामना संपल्यावर सगळे जिंकलेल्यांभोवती नाचायचे, तेव्हा हे हरलेल्या टीमच्या गाडीशी उभे. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हात हलवायचे. मगच स्कूटर सुरू करायचे.

ही खोड मैदानापुरती असती तर चाललं असतं. लग्नाला गेले की मांडवाच्या दाराशी उभं राहून ते आधी अंदाज घ्यायचे की कुणाकडची माणसं कमी आहेत. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला आम्ही सगळे वराकडून गेलो होतो. नवरीचं गाव लांब, तिच्याकडून मोजकीच माणसं आलेली. सर सरळ जाऊन तिच्या काकाच्या शेजारी बसले, पंगतीत तिकडेच जेवले, आहेराचं पाकीटही तिकडेच देऊन आले. सहकारी महिनाभर बोलला नाही. वहिनी, म्हणजे सरांच्या मंडळी, मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात दोन्हीकडचे सारखेच होते म्हणून बरं वं. नाहीतर हे माझ्याच मामाच्या मांडीवर बसले असते."

वहिनी हसऱ्या होत्या आणि तिखट होत्या. हुडकेश्वरला त्यांचं तीन खोल्यांचं घर. प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं होती. आता दोन्हीकडं तीन-तीन मजले चढलेत आणि मध्ये सरांचं घर खाली दबल्यासारखं दिसतं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली एक मळकट फुटबॉल. मी रविवारी कधीतरी जायची. सर नसले की वहिनी मनातलं बोलायच्या. सरांचे वडील इतवारीत हातगाडी ओढायचे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सर कॉलेजात गोलकीपर होते. वडिलांनी त्यांचा एकही सामना पाहिला नाही. "कसे पाहतील? बाजाराच्या दिवशी गाडी सोडून आले असते तर संध्याकाळी चूल नसती पेटली. ह्यांना त्याचं काही वाटत नाही म्हणतात. कधी वाईट बोलत नाहीत बापाबद्दल," असं त्या म्हणाल्या आणि कांदा चिरत राहिल्या. मानसशास्त्राचा माणूस यातून बरंच काही काढील. मी अर्थशास्त्राची, मी गप्प बसले.

एक वर्षी आमच्या प्राचार्यांना अंतिम सामन्याला गर्दी हवी होती. पाहुणे मोठे यायचे होते. त्यांनी नोटीस काढली की सामन्याला हजर राहणाऱ्याला अंतर्गत गुणांत सवलत मिळेल. दोन वर्गांतली पोरं-पोरी आली, सही केली आणि पायऱ्यांवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून राहिली. गोल झाला तेव्हा त्यांनी वर पाहून टाळ्या वाजवल्या, आणि गोल कुणी मारला हे शेजाऱ्याला विचारलं. सर पलीकडून उठून आले. "ज्याले बघायचं नाही त्यानं घरी जा. मार्क मी मागून घेतो तुमचे." बहुतेक पोरं उठून गेली. पाहुणे यायच्या आत पायऱ्या रिकाम्या. सरांना मेमो मिळाला. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की प्रेक्षक हा स्वतःच्या पायानं आलेला असावा असे माझे नम्र मत आहे. ते उत्तर आम्ही स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून हसलो होतो. मीही हसले होते, आणि पुढे नेमकं हेच विसरले.

त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश. उंच, बापासारखाच हडकुळा, पण आघाडीवर खेळणारा. बारावीनंतर त्यानं आमच्या कॉलेजात प्रवेश घेतला नाही. बापाच्या हाताखाली खेळलो की लोक बोलतात, म्हणून शहरातल्या दुसऱ्या एका मोठ्या कॉलेजात गेला. तिथं तो चमकला. तिसऱ्या वर्षी त्याची टीम अंतिम सामन्यात आली. समोर साकोलीकडचं एक लहान कॉलेज, पहिल्यांदाच इथवर आलेलं.

त्या दिवशी सकाळी वहिनींचा मला फोन आला. "तू जाशील ना वं मॅचला? मी पण येऊन राहिली. अन् ह्यांना मी हात जोडून सांगितलं, आजचा दिवस पोराकडून बसा. हो म्हणाले."

आम्ही दोघी निलेशच्या बाजूला बसलो. त्याच्या कॉलेजनं तीन बसा भरून मुलं आणली होती. बसायला जागा नव्हती, शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वहिनींनी आपल्या शेजारी पदर पसरून सरांसाठी जागा धरली होती, आणि कोणी बसायला आलं की "आमचे येऊन राहिले" म्हणून त्याला उठवत होत्या. शिट्टी वाजली. सर आले नाहीत. वहिनींनी पदर उचलला नाही. समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर पांढरी टोपी होती.

त्या सामन्याचं फार सांगवत नाही. बरोबरी झाली आणि शेवटी पेनल्टीवर आला. शेवटची पेनल्टी निलेशची. तीन बसांतली पोरं त्याचं नाव घेऊन पायऱ्या हादरवत होती. समोरच्या गोलकीपरला कोणीच ओळखत नव्हतं. तेवढ्यात पलीकडून सरांचा तो घोगरा आवाज आला, "गोलू, उजवीकडे बघ गा." निलेशनं मान वळवून बापाकडे पाहिलं. मग त्यानं चेंडू मारला, आणि गोलकीपरनं उजवीकडे झेप घेऊन अडवला.

सरांना निलेशचा पाय माहीत होता. तो गोलकीपरच्या उजवीकडेच मारणार हे त्यांना ठाऊक होतं. हे त्यांनी मुद्दाम सांगितलं की सवयीनं तोंडून गेलं, मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या तोंडातून निघालं ते निघालं मॅडम. तिथं बसलो म्हणजे त्यांच्याकडूनच बसलो ना."

स्कूटर उभ्या होत्या तिथं निलेश बापासमोर आला. अंगात चिखलाची जर्सी. रडत नव्हता, ओरडतही नव्हता. म्हणाला, "माझ्याकडे तीन बसा भरून पोट्टे होते, बाबा. बाप नव्हता." आणि कॉलेजच्या बसमध्ये जाऊन बसला. वहिनी माझ्याबरोबर ऑटोनं घरी आल्या.

चार-पाच दिवसांनी कॉलेजात सरांनी मला स्टाफरूमच्या दाराशी थांबवलं. "मॅडम, तो जो गोलकीपर होता ना, त्याचा बाप दिवाळीत गेला. मले सकाळी सांगितलं त्यानं. निलेशले शब्द दिला होता मी, पण त्या पोराले म्हटलं, तू घाबरू नको, मी हाये तुझ्या मागं. मंग कसा उठून जाऊ?"

"हे निलेशला सांगितलं का?"

"त्यानं विचारलं कुठं?"

मला त्यांचा संताप आला. "सर, मुलगा विचारायला येणार आहे का? तुम्ही जाऊन सांगा." ते मान हलवत वर्गाकडे गेले. त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. म्हटलं, घरचा मामला आहे, आपण कशाला तोंड घाला.

निलेशनं पुढं बीपीएड केलं, एमपीएड केलं आणि गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात क्रीडा संचालक झाला. बापाच्याच खुर्चीत बसला म्हणायचं, फक्त दीडशे किलोमीटर लांब. घरी यायचा तो आईसाठी. बापलेकांत पाणी आलं का, सिलिंडर संपलं का, एवढंच बोलणं. वहिनी मध्ये बसून दोघांशी बोलायच्या आणि त्यामुळे घरात बोलणं चालू आहे असं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मग तेही थांबलं.

सर तोवर निवृत्त झाले होते. गुडघे गेले होते, स्कूटर सुटली होती. तरी सामन्याला ऑटोनं यायचे. मैदानावर आता बघायला येणारी माणसं फार कमी झाली. सामने मोबाइलवर दिसतात. आयोजकांतला एक तरुण मोठ्या कौतुकानं त्यांना सांगत होता, "सर, आता लाइव्ह शंभर जण बघून राहिले." सरांनी विचारलं, "अन् यातला एक जण तरी पोट्ट्याले आवाज देते का?" पुढच्या काही सामन्यांत दोन्ही बाजू रिकाम्या असायच्या. अशा वेळी त्यांची पंचाईत व्हायची. मग ते पूर्वार्ध इकडे आणि उत्तरार्ध तिकडे बसायचे, आणि मध्यंतरात लंगडत मैदानाला अर्धा वळसा घालायचे.

गेल्या जानेवारीत निलेशच्या कॉलेजची टीम अंतिम सामन्यात आली.

सरांनी मला आदल्या संध्याकाळी फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची चौकशी केली. मग म्हणाले, "मॅडम, एक काम होतं. आयोजकांकडून त्याच्या टीमची यादी मिळते का? मी धर्मशाळेत गेलो असतो, पण तिथं तो राहील." मी यादी मिळवून त्यांना फोनवर वाचून दाखवली. एकेक नाव ते परत म्हणून घेत होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आपली माझ्याच विचारात होते.

माझा विचार असा होता. इतक्या लांबून निलेशच्या पोरांबरोबर कोणी येणार नाही. समोर नागपूरचं कॉलेज, त्यांची गर्दी येणार. चौदा वर्षांनी हा पोरगा त्याच मैदानावर उभा राहणार, आणि त्याच्या मागं रिकाम्या पायऱ्या. मला ते बघवेना. मी माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगितलं की सामन्याला चला, समोसे माझ्याकडून. चाळीस पोरं-पोरी तयार झाल्या. दोन वाजता मी त्यांना नेऊन निलेशच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसवलं. एकानं कुठूनसा ढोलही आणला. निलेशनं मागं वळून पाहिलं, मला ओळखलं, लांबूनच नमस्कार केला. त्याचा चेहरा उजळला होता. मी खूश.

आणि नागपूरच्या कॉलेजचं त्या दिवशी स्नेहसंमेलन होतं. त्यांच्या बाजूला दोन पोरं आली होती, तीही बहुतेक एकमेकांशी बोलायला.

सर फाटकातून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. आत येऊन थांबले. एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. बराच वेळ तसेच उभे होते. ऊन होतं म्हणून मी हात करून बोलावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काठी टेकत पलीकडे गेले.

निलेशनं ते पाहिलं. माझ्याकडे वळून तो हसला, पण ते हसू बघण्यासारखं नव्हतं. "बघितलं ना मॅडम?" एवढंच म्हणाला.

पूर्वार्धभर सर पलीकडे बसून होते. एक हाक नाही, एक शब्द नाही. तीस वर्षांत मी त्यांना असं मुकं बसलेलं पाहिलं नव्हतं. मध्यंतर होताच मी मैदानाला वळसा घालून त्यांच्याकडे गेले.

"सर, आज तरी तिकडे चला. एकदा. वहिनी असत्या तर…"

"तिकडे भल्ली गर्दी हाये मॅडम. इथं दोघंच आहेत."

"ती गर्दी मी आणली सर. माझ्या वर्गातली पोरं आहेत. समोशावर आलीत. निलेशबरोबर कोणीच आलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे आता धुरकट झाले होते. "तुम्ही आणली?"

"हो."

"काहून आणली जी तुम्ही?" ते रागावले नाहीत. लहान मुलानं हातातलं काही सांडावं आणि मोठ्या माणसानं नुसतं बघत राहावं, तसे बोलले. "मी सकाळपासून खुश होतो. कळमन्याले जाऊन आलो ऑटोनं. म्हटलं, एवढ्या दुरून त्याच्याकडून कोणी येत नाही. आज माझी जागा तिकडेच हाये. कोणाले काही सांगायची गरज नाही, काही समजवायची गरज नाही. आपुन जाऊन बसायचं." त्यांनी डावा हात उघडला. तळहातावर निळ्या शाईत निलेशच्या अकरा पोरांची नावं होती. या बाजूच्या टीममधलं एकही नाव त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते पूर्वार्धभर गप्प होते.

मी जवळजवळ पळतच परत आले. पोरांना म्हटलं, उठा, सगळे समोरच्या बाजूला जाऊन बसा. पोरं वैतागली. काही समोसे खाऊन झाले म्हणून तशीच घरी गेली, बाकीची ढोल उचलून रेंगाळत पलीकडे निघाली. खेळ पुन्हा सुरू झाला होता. निलेश मैदानाच्या कडेला उभा होता आणि त्याच्या मागची सगळी माणसं उठून चालली होती. त्यानं एकदा वळून पाहिलं, मग पाहिलं नाही.

पलीकडच्या पायऱ्या भरल्या तेव्हा सर उठले. गोलच्या मागून, भिंतीला धरून, थांबत थांबत आले. वीस मिनिटं लागली असतील. येऊन निलेशच्या मागं तिसऱ्या पायरीवर बसले. आता त्या बाजूला आम्ही दोघंच. मी हळूच म्हटलं, "हाका मारा ना सर." त्यांनी मूठ मिटून मांडीवर ठेवली. "आता कोणत्या तोंडानं मारू?" म्हणाले. निलेशची टीम एका गोलनं हरली.

सामना संपला, पोरं बॅगा भरायला लागली. निलेश आमच्याकडे आला. बापाच्या पाया पडला. मला वाटलं, जमलं. मग त्यानं सरळ विचारलं, "बाबा, खरं सांगा. ही पोरं उठून तिकडे गेली नसती तर तुम्ही इकडे आले असते?"

सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नाही बेटा."

निलेशनं मान हलवली. "मले वाटलंच होतं," म्हणाला, आणि गाडीकडे गेला. संत्री तशीच पिशवीत होती. मी ती उचलून त्याच्या पोरांना देऊन आले, कुणाकडून म्हणून सांगितलं नाही. गाडी पंधरा मिनिटांनी सुटली.

सर मे महिन्यात गेले. दुपारी कूलरसमोर खुर्चीत बसले होते, तसेच. शेजारच्यांनी संध्याकाळी पाहिलं. निलेश रात्रीच आला, सगळं त्यानंच केलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांना श्रद्धांजली वाहण्याच्या दिवशी मी हुडकेश्वरला गेले. अंगणात मांडव होता, माणसं बसली होती. बुद्धवंदना झाली, दोघं-तिघं बोलले. सरांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी निघाल्या, लोक हसले, डोळे पुसले. मग निलेश माझ्या शेजारी येऊन बसला. खूप वाळला होता.

"मॅडम, त्या दिवशी मी विचारलं, तर सरळ नाही म्हणाले. एक वेळ खोटं बोलले असते तर काय गेलं असतं त्यांचं? मी मानलं असतं. खोटं हाये हे कळूनही मानलं असतं."

मग मी त्याला सांगितलं. पोरं मी आणली होती हे सांगितलं. सर सकाळी कळमन्याला गेले होते, त्यांनी यादी मागवली होती, तळहातावर त्याच्याच पोरांची नावं होती, आणि आज माझी जागा तिकडेच आहे म्हणून ते पहाटेपासून खुशीत होते, हे सगळं सांगितलं. आणि त्या जुन्या गोलकीपरचा बाप दिवाळीत गेला होता, तेही सांगितलं. निलेश जमिनीकडे बघत ऐकत होता.

"हे तुम्ही त्याच दिवशी काहून नाही सांगितलं?" त्यानं विचारलं.

गाडी सुटायला तेव्हा पंधरा मिनिटं होती. मी त्याच्यापासून पाच पावलांवर उभी होते. पण सगळं सांगायचं तर आधी ती पोरं मी भरली हे सांगावं लागलं असतं, आणि त्याची मला लाज वाटली. म्हटलं, पुढं कधी भेटेल तेव्हा सांगू. याहून मोठं काही कारण नव्हतं. ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं.

तो उठला, आत गेला आणि ट्रे घेऊन बाहेर आला, जमलेल्यांना पाणी द्यायला लागला. रांगेनं देत देत माझ्यापर्यंत आला. मलाही त्यानं ग्लास दिला, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाकडे गेला.